पांढऱ्या रेघेची निळी वायर

आमच्या घराच्या बाजूला पत्र्याची शेड आहे. पूर्वी तिथे ट्रॅक्टरची ट्रॉली असायची. मुलगा आफ्रिकेला गेला तेव्हापासून तिथे त्याची गाडी उभी आहे. जुनी, सेकंडहँड, पांढरी छोटी गाडी. तिच्यात विशेष असं एकच होतं, ते म्हणजे तिचा आवाज. इंजिनाचा नव्हे, गाण्यांचा. डिक्कीत त्याने मोठा बास बॉक्स बसवला होता आणि त्याच्या शेजारी एक अँप्लिफायर. सगळं वायरिंग त्याने स्वतः, याच शेडमध्ये, मे महिन्याच्या उन्हात घामाने निथळत केलं होतं. तो इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेला. दार-ए-सलामला एका कारखान्यात आता मेंटेनन्स बघतो.

तो इथे असताना मला त्या आवाजाचा मनापासून राग होता. गाडी मारुतीच्या पारापाशी वळली की आमच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची ताटं थरथरायची. त्याची आई लगेच भाकरीचा तवा ठेवायची, कारण आता तो पोहोचणार. मी मात्र वह्या तपासता तपासता ओरडायचो, "तो धडधडाट बंद करायला सांग त्याला." त्याला सांग, असं. मी स्वतः कधी सांगितलं नाही.

हे जरा समजावून सांगायला हवं. आमच्याकडे, तापीकाठच्या या शेतकरी घरांमध्ये, मिसरूड फुटलेला मुलगा आणि बाप एकमेकांशी फारसं बोलत नाहीत. भांडण असतं म्हणून नाही. तशी रीतच पडली आहे. मुलाला पैसे हवे असले तर तो आईला सांगतो, आई बापाला सांगते. बापाला मुलाचं काही खटकलं तर तो मुलगा समोर बसलेला असतानाही बायकोकडे बघून बोलतो. माझ्या वडिलांनी माझ्याशी असंच केलं, मी माझ्या मुलाशी तसंच केलं. त्यात मी ब्राह्मणपुरीच्या शाळेत मराठी शिकवणारा. मुलाने घरात तरी शुद्ध बोलावं असा माझा हट्ट. त्यामुळे आईशी तो अहिराणीत भरभरून बोलायचा आणि माझ्याशी बोलायची वेळ आलीच तर पुस्तकातल्या मराठीत, तोलून मापून, तोंडी परीक्षा दिल्यासारखा.

एकदा आम्ही तिघं त्या गाडीतून सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो होतो. घोडे बघायची हौस त्याच्या आईची. जाताना त्याने गाणी लावली होती, आवाज बेताचाच होता, ती मागच्या सीटवर मान डोलावत होती. तापीचा पूल आला तेव्हा मी हात पुढे करून टेप बंद केला. पाणी शांतपणे बघू दे, असं काहीसं बोललो. त्यानंतर येताना, जाताना, कोणी टेप लावला नाही. तो पूल मी अजूनही शाळेच्या कामाने ओलांडतो, आणि दर वेळी मला वाटतं की माझा हात पुन्हा मागे घेता आला तर बरं होईल.

जाताना त्याने गाडीची चावी आईच्या हातात दिली. मी शेजारीच उभा होतो. "आप्पाले सांग, आठवडामा एक डाव गाडी चालू करी ठेवजो म्हना. नही त बॅटरी बसी जाई."

मग मी ते काम नियमाने करू लागलो. रविवारी सकाळी शेडमध्ये जायचं, गाडी चालू करायची, थोडा वेळ तिच्यात बसायचं. पहिल्या काही रविवारी नुसताच बसलो. मग एकदा टेप लावून बघितला. त्याच्या पेनड्राइव्हमधलं शेवटचं अर्धवट राहिलेलं गाणं तिथूनच पुढे सुरू झालं. घरातून भांड्यांचा आवाज आला. ती पदराला हात पुसत शेडच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बघितलं. मग मला बघून ते गेलं.

"माले वाटनं..." ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

त्यानंतर दर रविवारी मी गाणी लावू लागलो. ज्या आवाजाला मी वैतागायचो त्याच आवाजात काच वर करून बसायचो. छातीत ठोके बसल्यासारखे बसायचे. त्या आवाजात माझा मुलगा होता. दुसरं काही मला सांगता येत नाही.

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला सगळी वाहनं धुतात. ट्रॅक्टर, मोटारसायकल, फवारणीचा पंपसुद्धा. धुवायचं, हळदीकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. मी पहाटेच बोअरची नळी लावली. ट्रॅक्टर धुतला आणि मग मुलाची गाडी. ट्रॅक्टरला आत-बाहेर असं काही नसतं, सगळीकडे पाणी मारतात. मी गाडीलाही तसंच केलं. दारं उघडली आणि आतल्या पायपुसण्यांवर, सीटखाली, कोपऱ्याकोपऱ्यात नळी मारली. मुलाची गाडी आहे, स्वच्छ व्हावी, हाच भाव होता. पूजा केली, नारळ फोडला, टेप लावला. टेपचे दिवे लागले, गाण्याचं नाव पट्टीवरून सरकू लागलं, पण आवाज नाही. जरासुद्धा नाही.

रविवारी त्याचा फोन यायचा तो आईच्या मोबाइलवर. दोघं भरपूर बोलायची. शेवटी ती विचारायची, "आप्पासंगे बोलस का?" तो म्हणायचा, दे. मी घ्यायचो. "बरा आहेस ना?" "हो. तुम्ही?" "आम्ही बरे. काळजी घे." "हो. आईला द्या." इतकंच. मोबाइल परत तिच्या हातात. त्या रविवारी मी खुणेने तिला सांगितलं, गाडीचं विचार.

"आरे, तुन्हा आप्पा म्हनतस, गाडी गाये नही आते," तिने सांगून टाकलं.

तिकडून तो काय म्हणाला मला ऐकू आलं नाही. तिने भुवया उडवल्या आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. "तो म्हने, आप्पालेच दे."

"काय होतंय नेमकं?" त्याने विचारलं. आवाजात घाई होती, आणि घाईमुळे तो परीक्षेचा सूर नव्हता.

मी सांगितलं. दिवा लागतो, नाव दिसतं, आवाज नाही. धुण्याचं मात्र मी सांगितलं नाही. का, ते मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं. मास्तरने चूक केली हे विद्यार्थ्याला सांगायचं नसतं, ही सवय असेल.

तो म्हणाला, "अँपवर बारीक हिरवा दिवा आहे, तो लागतो का बघा." मी मोबाइल घेऊन शेडमध्ये गेलो, डिक्की उघडली. दिवा नव्हता. "म्हणजे अँप जागंच होत नाही," तो म्हणाला. आणि त्याने मला समजावलं. अँपला तीन वायरी असतात. जाड लाल, ती थेट बॅटरीवरून येते, तिच्यात करंट कायम असतो. काळी, ती गाडीच्या पत्र्याला. आणि तिसरी बारीक निळी, तिला रिमोट वायर म्हणतात, ती टेपच्या मागून येते. टेप लावला की त्या निळीतून इशारा जातो, ऊठ आता. टेप बंद केला की इशारा थांबतो, अँप झोपतं. "निळीतून निरोप पोचत नसणार. करंट मोजायचा मीटर लागेल आप्पा, त्याशिवाय कळायचं नाही."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी शहाद्याला गेलो. बसस्टँडमागे गाड्यांच्या वायरिंगचं एक जुनं दुकान आहे, बापापासून चालत आलेलं. दुकानदार चाचांनी मीटर काचेवर ठेवला आणि विचारलं, "सर, शाळेत प्रयोग आहे काय?" मी सगळी हकिगत सांगितली. ते हसले. "मीटर कशाला घेता? गाडी आणा इथे. चहा होईस्तोवर करून देतो."

"नाही," मी म्हणालो. "मुलाने स्वतः वायरिंग केलंय. दुसऱ्याने हात लावलेला त्याला आवडायचा नाही."

हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं मी घरी येताना बसमध्ये स्वतःशी कबूल केलं. गाडी चाचांनी दुरुस्त केली असती तर पुढच्या रविवारी मी पुन्हा 'बरा आहेस ना' वर आलो असतो.

मग आमचे रविवार सुरू झाले. मोबाइल डिक्कीत टेकवून ठेवायचा, तो तिकडून बघायचा, मी हातात मीटर धरायचो. "मीटरची काळी दांडी पत्र्याला टेकवा. रंगावर नाही, स्क्रूवर. आता लाल दांडी जाड वायरीच्या स्क्रूवर." बारा व्होल्ट आणि वर काहीतरी. "छान. लाल बरोबर आहे. आता लाल दांडी निळीवर. टेप चालू आहे ना?" शून्य. "मग निरोप येत नाही." शिकवण्याची त्याची पद्धत माझ्यापेक्षा चांगली होती हे मला कबूल केलं पाहिजे. मी चुकलो की तो रागवायचा नाही. "पुन्हा टेकवा" एवढंच म्हणायचा.

पुढच्या खेपेला टेप बाहेर काढला. त्यामागे वायरींचा नुसता गुंता. निळ्या वायरी दोन निघाल्या. मी एका निळीला मीटर लावला, रेडिओ लावल्यावर बारा आले, पेनड्राइव्ह लावल्यावर शून्य. आम्ही दोघंही बुचकळ्यात पडलो. त्याने तिकडे डोकं खाजवलेलं मला दिसलं. मी तोपर्यंत सीटखाली अर्धा घुसलेला, पाठीला रग लागलेली, नाकात धूळ, आणि माझ्या तोंडून निघालं, "आरे, आठे त काहीच दखात नही मन्हा बाप!"

तो असा हसला की मोबाइल हलला. "आप्पा! तुम्हले अहिराणी येस?"

"मंग काय, मी इंग्लंडमा पैदा व्हयना का?"

त्या दिवसापासून आमची भाषा बदलली. त्यानेच थोड्या वेळाने गुंता सोडवला. नुसती निळी ही अँटेनाची, ती फक्त रेडिओपुरती जागी होते. जिच्यावर पांढरी रेघ आहे ती निळी अँपची. पांढऱ्या रेघेच्या वायरीवर मीटर लावला, बारा आले. म्हणजे टेपमधून निरोप निघतो, डिक्कीपर्यंत पोचत नाही. मध्ये कुठेतरी तुटलंय. ती वायर दाराखालच्या पट्टीतून, गालिच्याखालून गेलेली. ते पुढच्या रविवारी बघू, तो म्हणाला.

बारा आणि शून्य यांच्यामध्ये बराच वेळ रिकामा असायचा. स्क्रू सुटत नसायचा, मीटरची दांडी निसटायची, त्याच्याकडची रेंज जायची. त्या रिकाम्या वेळात तो बोलायचा. खोलीत त्याच्यासोबत आमच्या सीमेपलीकडच्या व्यारा गावचा एक माणूस राहतो, तो मुलीशी फोनवर बोलून झाला की भिंतीकडे तोंड करून झोपतो. समुद्र कारखान्यापासून जवळ आहे, पण जाणं होत नाही. भात आणि राजम्यासारखी उसळ खाऊन कंटाळा आलाय, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मिळाली तर तो पायी येईल. एकदा मी पट्टीचे स्क्रू काढत असताना तो हळूच म्हणाला, "आप्पा, माले मलेरिया व्हयनथा. आते बरा शे. आईले सांगू नका."

मी स्क्रू काढत राहिलो. वर बघितलं नाही, बघितलं असतं तर तो थांबला असता. "गोळ्या पूर्ण घेतल्यास ना?" एवढंच विचारलं. एवढ्या वर्षांत माझ्यापाशी ठेवायला त्याने पहिल्यांदा काहीतरी दिलं होतं.

शनिवारी सकाळची शाळा असते. एका शनिवारी मी दुपारी घरी आलो तर ही शेजारी हळदीला गेली होती. मी सहज शेडमध्ये गेलो. पट्टी अर्धी सैल होतीच. ती उचलली, गालिचा मागे केला. खाली अजून ओल होती, कुबट वास आला. आणि ड्रायव्हरच्या सीटमागे, जिथे माझी नळी सगळ्यात जास्त वेळ चालली असेल तिथे, त्या निळ्या वायरीला एक जोड होता. त्याने वायर कमी पडली म्हणून तुकडा जोडला असावा. चिकटपट्टी सुटून लोंबत होती. आतलं तांबं कळकून हिरवंगार झालं होतं, बोट लावताच भुगा पडला.

दसऱ्याचं पाणी. माझी नळी.

मी ब्लेडने दोन्ही टोकं खरवडली. ताज्या तांब्याचा लाल रंग येईपर्यंत खरवडली. पीळ दिला, नवी चिकटपट्टी गुंडाळली. टेप लावला. डिक्कीत हिरवा दिवा लागला आणि सगळी शेड हलली. मी धावत जाऊन आवाज कमी केला. मग पुन्हा थोडा वाढवला. मग सीटवर बसलो. आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ आठवलं, उद्या रविवार. उद्या काय बोलणार?

मी सांगायचं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. फोन आला, आईशी बोलणं झालं, आता तो आपणहूनच मला मागायचा. "काय आप्पा, सापडनं का काही?"

"नही रे," मी म्हणालो.

इतकं सोपं होतं ते. आयुष्यभर वर्गात खरं बोलण्यावर निबंध लिहून घेतले, आणि हे इतकं सोपं होतं.

पण तो व्हिडिओवर बघायचा, मीटरवर शून्य दिसायला हवं. म्हणून पुढे मी असं करू लागलो. रविवारी फोनच्या आधी शेडमध्ये जायचं, चिकटपट्टी सोडायची, पीळ उलगडायचा, टोकं वेगळी करायची. मग फोनवर शून्य दाखवायचं. जोड जिथे होता ती बाजू कॅमेऱ्यात येऊ द्यायची नाही. सोमवारी पुन्हा जोडायचं. आठवडाभर कधीतरी एकटा असताना गाणं ऐकायचं. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, आणि चोरून पेरू खाणाऱ्या पोरासारखा शेडच्या तोंडाकडे बघत गाणं ऐकायचो.

तो तिकडे डोकं लढवत होता. अँपचा निळीचा स्क्रू बदलून बघा. लाल वायरीवरून वायरीचा छोटा तुकडा निळीच्या जागी क्षणभर टेकवून बघा, दिवा लागतो का. हे मी केलं असतं तर अँप चांगलं आहे हे त्याला लगेच कळलं असतं. म्हणून मी तुकडा टेकवल्यासारखं केलं, टेकवला नाही. दिवा लागला नाही. "म्हनजे अँपच गया का?" तो स्वतःशी बोलल्यासारखं बोलला. मग म्हणाला, बघतो मी काय करायचं ते. त्यावेळी मला थांबायला हवं होतं.

हिला कळलं ते एका रविवारी. मी वाकून चिकटपट्टी सोडत होतो, आणि मागून आवाज आला.

"काय करी ऱ्हायनात?"

"जोड बघतोय."

"परवा त गाडी वाजी ऱ्हायनथी. मांडणीवरना ताटं हालनात. मी काय बहिरी शे का?" ती जवळ आली, वाकून बघितलं. सुटलेली टोकं माझ्या दोन चिमट्यांत होती. तिला समजायला वेळ लागला नाही. "बंद पाडी ऱ्हायनात? मुद्दाम?"

मी टोकं खाली सोडली.

"गुरुजी," ती म्हणाली. मला चिडवायचं असलं की ती गुरुजी म्हणते, पण हसत नव्हती. "आख्खा गावना पोऱ्यास्ले बोलाले शिकाडं तुम्ही. सोताना आंडोरसंगे बोलाले वायर तोडनी पडस?"

"काय बोलू मी त्याच्याशी?"

"माले काय इचारतस?" मग तिचा आवाज खाली आला. "आनि मन्हं काय? पहिले तासभर बोले मन्हासंगे. आते दोन शब्द बोलस आनि म्हने, आप्पाले दे, लाइट जाई, नेट जाई. मी त्याले भाकरीनं इचारस, त्याना ध्यान तुम्हना मीटरमा."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी जे मिळवत होतो ते कुठून तरी कमी होत होतं, आणि ते तिच्या ओंजळीतून होत होतं. तिने इतके रविवार एका शब्दाने सांगितलं नव्हतं. दाराआडून आम्हा दोघांना हसताना ऐकत होती आणि चुलीकडे जात होती. मी तिला वचन दिलं, आज सांगतो.

त्या दिवशी त्याचा फोन नेहमीपेक्षा लवकर आला. तो खुशीत होता. स्पीकरवर आम्हा दोघांना त्याने दोन बातम्या सांगितल्या. कंपनीने आणखी दोन वर्षांसाठी ठेवून घेतलंय, पगारही वाढवलाय, म्हणून उन्हाळ्यात येणं होणार नाही. ही खाली बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "पन आप्पा," तो म्हणाला, "तुम्हले गाना बिगर ठेवाव नही." खोलीतला तो व्याऱ्याचा माणूस सुट्टीवर निघाला होता. त्याच्याबरोबर याने नवं अँप पाठवलं होतं. सुट्टीच्या दिवशी सगळा बाजार फिरून, आपल्याच मापाचं शोधून, दुकानदाराला आमच्या अँपचा फोटो दाखवून. माणूस आदल्या रात्रीच विमानात बसला होता.

मी मोबाइल हातात धरून उभा होतो. ही माझ्याकडे बघत होती.

"अँप गेलेलं नाही," मी म्हणालो. घाबरलो की मी पुस्तकी मराठीवर येतो. "जोड होता, सीटमागे. पाण्याने कळकला होता. दसऱ्याला मी आतून नळी मारली होती. जोड मी केव्हाच दुरुस्त केलाय."

"केव्हाच म्हणजे?"

सांगितलं. कोणत्या शनिवारी, आणि त्यानंतर दर रविवारी मी काय करत होतो तेही. तुकडा न टेकवता टेकवल्यासारखं केलं तेही. काही राखून ठेवलं नाही.

तिकडे कुणीतरी बादली सरकवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "मला आठवड्यात एकच सुट्टी असते, आप्पा." तोही पुस्तकी मराठीत आला होता. "मी रात्री झोपताना विचार करायचो, आपण कुठे चुकलो वायरिंगमध्ये. मला वाटलं, मी जाताना काहीतरी कच्चं ठेवून गेलो."

"तुझी काही चूक नव्हती."

"ते तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी फोन आला, दोघं तासभर बोलली. मला मागितलं नाही. तिनेही विचारलं नाही, आप्पासंगे बोलस का. त्याच्यानंतरच्या रविवारीही तसंच. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. बोलणं झाल्यावर ती मला सांगायची, तो बरा आहे, नवीन मशीन आलंय. मी वह्यांवरून मान वर न करता ऐकायचो. गाडी व्यवस्थित वाजत होती. मी वाजवत नव्हतो. तिच्यात बसलो की आता मला त्याचं ते वाक्य ऐकू यायचं, मी काहीतरी कच्चं ठेवून गेलो.

व्याऱ्याच्या माणसाने खोकं अक्कलकुव्याकडे येणाऱ्या एका ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवलं. मी मोटारसायकलवर जाऊन घेऊन आलो. आत टॉवेलात गुंडाळलेलं अँप होतं, आणि टॉवेलाच्या घडीत मसालेदार काजूची पिशवी, आईसाठी. अँप मिळालं हे सांगायला फोन करता येईल, असं मी येताना रस्ताभर ठरवत होतो. घरी पोचलो तर हिने तोवर त्याला सांगूनही टाकलं होतं. ड्रायव्हरने तिच्या नंबरवर कळवलं होतं. निमित्त गेलं.

मग माझ्या लक्षात आलं की मी इतक्या वर्षांत त्याला आपणहून फोन केलेलाच नाही. एकदाही नाही. त्याचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता, तो त्याच्या आईने टाकून दिलेला.

बुधवारी मधल्या सुट्टीत मी शाळेच्या व्हरांड्याच्या टोकाला गेलो. पोरं पाण्याच्या टाकीपाशी धक्काबुक्की करत होती. मी नंबर लावला. पुष्कळ वेळ वाजला. वाटलं, बरं झालं, कामावर असेल, उचलायचा नाही.

"काय झालं?" त्याने उचलताच विचारलं. मागे मशीनची घरघर. "आप्पा? आईला काही झालं का?"

"नाही नाही. आई बरी आहे."

"मग शेतात काही? कुणी गेलं का?"

"कोणी गेलं नाही. काही झालं नाही."

"मग?"

"मग काही नाही," मी म्हणालो. "फोन केला."

मशीन तेवढं चालू होतं. मला वाटलं ठेवेल. मी मनात तयारी केली, आणि तरी मोबाइल कानाला घट्ट दाबून धरला.

"थांबा," तो म्हणाला. पावलांचा आवाज आला, लोखंडी दार करकरलं, घरघर मागे राहिली. तिकडे बाहेर वारा असावा. "हं. बोला."

"तू बोल."

"फोन तुम्ही कया," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता अजून. पण शब्द आईच्या भाषेतले होते. "तुम्हीच बोला."

माझ्याकडे काहीच नव्हतं. वायर नाही, मीटर नाही, बारा नाही की शून्य नाही. मी टाकीकडे बघितलं आणि जे दिसलं ते सांगायला लागलो. एका पोराने दुसऱ्याच्या डोक्यावर पाणी ओतलं. मग पपईच्या रोपांचं सांगितलं, किती मेली, किती लागली. मग सांगितलं की त्याच्या आईने काजू डब्यात ठेवलेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकेक मोजून देते, मन्हा पोऱ्यानी आफ्रिकातून धाड्यात म्हणते. तो नाकातून हसला, थोडंसंच. मी थांबलो तर तो म्हणाला, "मंग?" म्हणून पुढे सांगत गेलो.

घंटा झाली. पोरं वर्गात पळाली. समोरच्या वर्गातून, माझ्याच वर्गातून, बाकं आपटायचा गलका सुरू झाला.

"तुम्हना तास नही का आते?" त्याने विचारलं.

"शे," मी म्हणालो, आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसलो.